‘इंटरेस्टेड’ १६३, पैसे भरलेले चार

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय शेहेचाळीस. अकरा वर्षं मुंबईत राहून त्यांनी मराठी मालिकांचे संवाद लिहिले, मधली काही वर्षं पटकथाही केली. सासऱ्यांच्या आजारपणामुळे दोन वर्षांपूर्वी त्या सांगलीला परतल्या. इथल्या मुलांना लिहायचं असतं, पण पटकथा म्हणजे नेमकं काय हे समोर बसून सांगणारं कुणी नाही, असं त्यांना जाणवलं. म्हणून दोन दिवसांची पटकथालेखन कार्यशाळा घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि आधी अंदाज घ्यावा म्हणून पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाला रस आहे का?’ असं विचारलं. १६३ जणांनी ‘इंटरेस्टेड’ म्हणून कळवलं. मग चौदा प्रश्नांचा फॉर्म पाठवला, तो ४१ जणांनी भरला. शेवटी तीन हजार रुपये शुल्क जाहीर केलं, तेव्हा चौघांनी पैसे भरले. त्या विचारतात: “सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, मग असं का व्हावं? कार्यशाळा मोफत ठेवू का? मुंबईहून एखादा ओळखीचा नट बोलावू का? मिस्टर म्हणतात, हॉल बुक करून टाक, लोक आपोआप येतात. मैत्रीण म्हणते, नाद सोड. आणि खरं सांगायचं तर माझ्या नावावर एकही नाटक नाही की सिनेमा नाही. मी कार्यशाळा घ्यावी का, असाच प्रश्न आता मला पडलाय.”

* * *

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा १६३ हा आकडा डोळ्यांत भरला, दुसऱ्यांदा चार. त्या चौघांबद्दल तुम्ही जेमतेम अर्धं वाक्य लिहिलंय. ते कोण आहेत, काय करतात, कुठून येणार आहेत, काय लिहितात, यातलं पत्रात काहीच नाही. न आलेल्या १५९ जणांवर मात्र दोन पानं आहेत. माझं उत्तर बरंचसं त्या चौघांभोवती फिरणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पण आधी त्या १५९ जणांबद्दल. त्यांनी तुम्हाला फसवलेलं नाही. आपल्या गावात कुणीतरी काही चांगलं करू बघतंय हे दिसलं की माणूस ‘हो, मी पण’ असं लिहितोच. त्यात तुमचं कौतुक असतं आणि स्वतःविषयीची एक जुनी इच्छाही असते, की आपणही कधीतरी लिहू. तुम्ही विचारलं होतं, ‘रस आहे का?’ त्यांना रस आहे, त्यांनी तसं सांगितलं. कोणता शनिवार मोकळा ठेवाल, घरी किती वाजेपर्यंत पोचायला हवं, आपलं लिहिलेलं दहा जणांसमोर वाचून दाखवाल का, हे तुम्ही विचारलंच नव्हतं. म्हणून ‘लोकांना आवड राहिली नाही’ हा तुमच्या पत्रातला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आवड आहेच. तिच्यातली किती घराबाहेर पडून तुमच्या वर्गापर्यंत येईल, एवढंच तुम्हाला बघायचंय, आणि त्यासाठी वेगळे प्रश्न लागतात.

हे मी अनुभवानं सांगते. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून एका तालुक्याच्या गावी लेखन शिबिर ठरवलं होतं. शुल्क नव्हतं. साठ नावं आली. एका संस्थेनं सभागृह दिलं. साठ खुर्च्या मांडल्या, साठ माणसांचा उपमा सांगितला. सकाळी दहाला अकरा जण होते, जेवणानंतर सात. दिवसभर आमचं सगळं लक्ष रिकाम्या खुर्च्यांकडे. त्या सात जणांत एक अंगणवाडी सेविका होत्या. दोनशे पानी वही आणली होती त्यांनी, कव्हर घातलेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पानं भरलेली होती, नाटकासारखी, पात्रांची नावं डाव्या बाजूला लाल शाईनं. आम्ही त्यांना दहा मिनिटं दिली, कारण कार्यक्रम साठ जणांसाठी आखलेला होता: भाषण, मग भाषण, मग प्रश्नोत्तरं. त्यांनी दीड पान वाचलं, वही मिटली आणि पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. न आलेल्या एकोणपन्नास जणांचं आज मला काहीच वाटत नाही. त्या वहीचं अजून वाटतं.

म्हणून आता एक साधा हिशेब मांडते, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. नीट मांडणी केलेल्या पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. समजा प्रत्येकानं चार पानांचा एक सीन लिहून आणला. तो मोठ्यानं वाचायला चार-पाच मिनिटं, त्यावर बोलायला दहा. म्हणजे माणशी साधारण पंधरा मिनिटं. बारा जण धरले तर तीन तास झाले, मधला चहा वेगळा. बाराच्या वर गेलात की कुणाचं तरी लिखाण न वाचताच दिवस संपणार, आणि ज्याचं वाचलं गेलं नाही तो पुढच्या वेळी येणार नाही. म्हणजे तुम्हाला १६३ जण मिळाले असते तरी ते तुमच्या उपयोगाचे नव्हते. तुम्हाला दहा-बारा माणसं हवी आहेत. त्यातली चार हातात आहेत. हा आकडा तुम्ही नकार म्हणून वाचलात. मी तो तिसरा हिस्सा भरलेला वर्ग म्हणून वाचते.

आता नाट्यपंढरीचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा प्रयोग केला, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, नाटककार खाडिलकर सांगलीचे, नाटककार देवल शेजारच्या हरिपूरचे. हे सगळं खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण त्यावरून ‘इथे लिहायला शिकण्यासाठी गर्दी होईल’ असं निघत नाही, कारण या परंपरेत लिहिणं वेगळं बसून शिकवायची रीत फारशी नव्हतीच. देवल किर्लोस्कर नाटक मंडळीत नटांना तालीम देत. नटाच्या तोंडी वाक्य कसं बसतं, कुठे अडतं, हे रोज कानांनी ऐकणारा माणूस नाटकं लिहीत होता. आपल्याकडे लेखक तालमीच्या खोलीत तयार झाले. आजही एकांकिकेचा लेखक तिथेच तयार होतो: दिग्दर्शक म्हणतो, हे वाक्य काढ, नट म्हणतो, इथे मला बोलायला काहीतरी दे, आणि पोरगा कोपऱ्यात बसून लिहितो. ‘कार्यशाळा’ या शब्दानं जे चित्र डोळ्यांपुढे येतं, फळा, माइक, प्रमाणपत्र, शेवटी ग्रुप फोटो, त्यापेक्षा ‘वाचन’ आणि ‘तालीम’ हे शब्द तुमच्या गावाला जवळचे आहेत. तुमच्या आमंत्रणात ते शब्द येऊ द्या.

दुसरी गोष्ट. ‘पटकथा’ हा शब्द वाचून हात वर करणारे लोक एका जातीचे नसतात. मला दिसतात ते तीन प्रकारचे. कॉलेजातली मुलं, ज्यांना एकांकिका लिहायचीय आणि सिनेमाचं स्वप्न आहे. पंचविशीतले, नोकरी शोधणारे, ज्यांना मालिका किंवा वेब सिरीजमध्ये काम हवंय. आणि चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे, शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, गृहिणी, ज्यांच्या मनात एकच गोष्ट वीस वर्षं आहे आणि ती सिनेमासारखी दिसते. पहिल्याला रंगमंच शिकायचाय: तिथे सिनेमासारखा कट करून दुसऱ्या जागी जाता येत नाही, दोन माणसं एका खोलीत अडकली की कुणीतरी दारातून बाहेर जाईपर्यंत लेखकाची सुटका नाही. दुसऱ्याला धंदा समजून घ्यायचाय: कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, हे मालिकेच्या श्रेयनामावलीत रोज दिसतं, पण म्हणजे नेमकं कोण काय करतं हे गावात कुणी सांगत नाही. तिसऱ्याला मुळात आपली गोष्ट कुणीतरी पूर्ण ऐकून घ्यायला हवी आहे. तिघांना एका खोलीत बसवून दोन दिवसांत सगळं द्यायला गेलात, तर तिघेही अर्धपोटी उठतील.

यातले कोण तुमचे? हे लोकांना विचारून ठरणार नाही, तुम्ही ठरवायचंय. माझं मत विचाराल तर, सुरुवात अशा गोष्टीनं करा जी तिघांनाही लागते आणि तुम्हाला हातखंडा आहे: एक सीन. दोन माणसं, एक जागा, एकाला काहीतरी हवंय, दुसरा ते देत नाहीये. बाकी सगळं नंतर.

अंदाज घ्यायचा कसा, तर तो फॉर्म आधी बाजूला ठेवा. चौदा प्रश्नांतले अकरा तुमच्या मनाच्या समाधानासाठी होते असं मला वाटतं. ‘आवडता चित्रपट’, ‘कार्यशाळेकडून अपेक्षा’ वगैरे. तीन प्रश्न पुरतात. गेल्या वर्षभरात तुम्ही काय लिहून पूर्ण केलंत किंवा अर्धवट सोडलंत? कुठे अडलात? आणि शनिवारी दुपारी चार ते सात आलात, तर परत जायची शेवटची गाडी किती वाजता आहे? तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तोच माणसांना खरा विचार करायला लावतो. जतहून किंवा कवठेमहांकाळहून येणाऱ्या मुलीनं त्याचं उत्तर लिहिलं, म्हणजे तिनं मनातल्या मनात तो प्रवास केला. आणि सगळ्यांच्या शेवटच्या गाड्या सव्वासहाच्या निघाल्या, तर वेळ बदलायची ती तुम्ही, तिनं नाही.

मग पानं मागा. पैसे नंतर. ‘दोन माणसं, एक खोली, जास्तीत जास्त दोन पानं, हातानं लिहून फोटो पाठवला तरी चालेल, पंधरा दिवसांत.’ एवढंच. ज्यांना आपण मनापासून इच्छुक म्हणतो ते कोण, हे या एका ओळीनं कळतं. दोन पानं लिहायला पैसे लागत नाहीत, पण एक संध्याकाळ लागते, आणि ‘आपलं वाईट असलं तर?’ ही भीती ओलांडावी लागते. ज्यानं ती ओलांडली त्याला वर्गात घेणं तुमचं काम. फार चांगलं लिहिलेलं निवडू नका. ज्यांनी पाठवलं ते सगळे घ्या, बारापर्यंत.

शिवाय पाच जणांना प्रत्यक्ष भेटा, आणि ते लेखक नसावेत. हौशी नाट्यसंस्थांचे दोन-तीन दिग्दर्शक, कॉलेजात सांस्कृतिक विभाग बघणारे एखादे सर किंवा मॅडम, नगर वाचनालयात पुस्तक देणारी व्यक्ती. दिग्दर्शकांना विचारा, गेल्या वर्षी संहिता कुठून आणलीत? दर वर्षी स्पर्धा जवळ आल्या की ‘चांगली नवी संहिता आहे का हो?’ असे फोन फिरतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. लिहिणाऱ्यांची गरज तुम्ही मोजलीत, पण संहिता शोधणाऱ्यांची गरज मोजली नाहीत. एखादा दिग्दर्शक म्हणाला की ‘तुमच्या वर्गातून एक बरी एकांकिका निघाली तर मी वाचन करून बघतो’, तर तुमच्या वर्गाला पहिल्या दिवसापासून पुढचा रस्ता मिळतो. तो नटाच्या पाहुणचारापेक्षा कितीतरी मोलाचा. वाचनालयातल्या माणसाला तर गावात कोण नाटकांची पुस्तकं घरी नेतं हे नावानिशी ठाऊक असतं. त्यांच्याकडून नावं मागू नका, ते बरं नाही. तुमची चिठ्ठी मात्र त्यांच्या टेबलावर ठेवता येईल.

आणि दोन दिवसांची कार्यशाळा जाहीर करण्याआधी एकच संध्याकाळ करून बघा. तीन तास, दोनशे रुपये, चहा आणि झेरॉक्स त्यातच. हॉल नको, एखादी खोली, मध्ये टेबल किंवा सतरंजी. लेखकानं आपला सीन स्वतः वाचायचा नाही, दुसऱ्या दोघांनी वाचायचा. ही एक अट सोडू नका. का ते सांगते.

मागे अशाच एका बैठकीला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारा एक मुलगा आला होता. विहिरीवरची मोटर विकायची की नाही यावरून बाप-लेकाचं भांडण, असा सीन. वाचायला दिला एका निवृत्त मुख्याध्यापकांना आणि बारावीतल्या मुलीला. मुलगी लेकाचं वाचत होती. पहिलं दीड पान सुरेख गेलं. मग लेकाचं वाक्य आलं: ‘बाबा, तुम्हाला तर माहीतच आहे, गेल्या वर्षी अवकाळीत बाग गेली आणि आपल्यावर सोसायटीचं कर्ज झालं.’ ती मुलगी अडखळली. तिनं परत पहिल्यापासून वाचलं, परत अडखळली. कुणी काही बोललं नाही. तो मुलगा मान खाली घालून आपल्या प्रतीकडे बघत होता. मग त्यानं शेजाऱ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि ते वाक्य खोडलं. जरा थांबून समासात तीन शब्द लिहिले आणि कागद मुलीपुढे सरकवला. तिनं वाचलं: ‘नोटीस आलीय, बाबा.’ मुख्याध्यापकांनी पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं आणि गप्प राहिले, कारण आता बापाचं उत्तरही बदलायला हवं होतं. जे दोघांनाही माहीत आहे ते एकमेकांना सांगत नाहीत, हे मी दीड तास बोलून शिकवलं असतं तरी त्याला तसं लागलं नसतं. त्याच्या कानांनी त्याला शिकवलं. मी फक्त वाचणारे बसवले होते.

अशी एक संध्याकाळ झाली की लोक पुन्हा यायला तयार आहेत का, हे तुम्हाला फॉर्म न पाठवता कळेल. सात वाजले तरी जिन्यात उभं राहून बोलत असले, तर पुढचा शनिवार जाहीर करा.

इथेच मला तुमच्या दोन दिवसांच्या आराखड्याबद्दलही शंका आहे. सलग दोन दिवसांत ऐकणं होतं, लिहिणं होत नाही. फेरलेखन तर नाहीच, आणि पटकथा म्हणजे निम्मं फेरलेखन. त्यापेक्षा सहा शनिवार बरे. मधले सहा दिवस सीन घरी पडून राहतो, मनात घोळतो, नोकरीवर जाताना त्यातलं एखादं वाक्य आपोआप गळून पडतं. पैशांचंही सोपं होतं. तीन हजार एकदम देणं कॉलेजच्या मुलाला जड जातं. दर शनिवारी तीनशे तो देऊ शकतो. खर्चाचा हिशेब तुम्हीच मांडा. समजा खोली, चहा, झेरॉक्स मिळून एका बैठकीला हजार-बाराशे रुपये लागले, तर चार जणांत तो निघतो, आणि पुढचे आठ जण म्हणजे तुमचं मानधन. ते घ्या. संकोच करू नका.

मोफत ठेवू नका, हे मी त्या साठ खुर्च्या आठवूनच म्हणतेय. मोफत कार्यक्रमाला येईन म्हणणं आणि न जाणं, दोन्ही सोपं असतं. पैसे नसल्यामुळे कुणी अडत असेल तर दोन जागा बिनशुल्क ठेवा, पण पानांची अट त्यांनाही. आणि ते दोघं कोण, हे तुम्हाला आणि त्यांनाच ठाऊक असावं.

मुंबईच्या नटाला बोलावू नका. तो आला तर दोनशे जण येतील, आणि त्यातून नटाला बघायला किती जण येतात एवढंच कळेल. मिस्टरांचा हॉलचा आग्रहही मायेपोटी असणार, पण भाडं भरून झालं की माणूस खुर्च्या भरण्याच्या मागे लागतो. मैत्रिणीचं म्हणणं मात्र अगदीच सोडून देऊ नका. तिला एवढं सांगा की थांबायचं कधी हे मी आधीच ठरवलंय. खरंच ठरवून ठेवा. माझा अंदाज असा: आठ-दहा जणांची पानं आली तर सहा शनिवारांचा वर्ग. तीन-चार जणांची आली तर वर्ग नको, घरच्या दिवाणखान्यात पंधरा दिवसांतून एकदा वाचनाची बैठक, शुल्काशिवाय. एकही पान आलं नाही, तर हे वर्ष जाऊ द्या आणि स्वतःचं काहीतरी लिहा. आकडा आधी कागदावर लिहून भिंतीला लावलात, की मग तो बघून रडायची वेळ येत नाही.

दिवस निवडताना गावाचं वेळापत्रक बघा. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. २०१९ च्या महापुरानंतर तर कुणी त्या दिवसांत पुढचे शनिवार ठरवतच नसेल. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची धामधूम ऑगस्ट-सप्टेंबरात, विद्यापीठाचा युवा महोत्सव पावसाळा सरता सरता, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे ज्याला संहिता हवी तो ती उन्हाळ्यात शोधतो. एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य ही तुमची वेळ. उकाडा असतो खरा, संध्याकाळी पाचला बसा.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं बाकी सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत. ‘माझ्या नावावर नाटक नाही.’ तुम्ही १६३, ४१, चार असे आकडे मोजत होतात तेव्हा गाव तुम्हाला शिक्षिका मानतं का, हे आजमावत होतात. ते काम आकड्यांना झेपणारं नाही. चारशे जणांनी पैसे भरले असते तरी ही शंका तुमच्या मनात राहिली असती.

तुम्ही अकरा वर्षं रोजच्या रोज लिहिलंय. सकाळी फोन येतो की अमुक नटाची तारीख नाही, आणि त्याच्याभोवती बांधलेला सीन दुपारच्या शूटिंगपर्यंत त्याच्याविना उभा करायचा असतो. सेटवर लाइट लावून झालेत आणि तुम्ही शेवटचं वाक्य बदलताय. आज सुचत नाहीये, असं म्हणायची सोय नाही. हे ज्याला येतं तो माणूस तुमच्या गावात दुसरा कोण आहे? पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, छोटे अभ्यासक्रमही होतात. ज्यांना जमेल त्यांना तिकडे जरूर पाठवा. पण ज्याला शनिवारी शेवटच्या गाडीनं तासगावला परत जायचंय, त्याला तुम्ही आहात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मालिकेच्या काही सवयी वर्गाच्या दाराबाहेर ठेवा. पोळ्या लाटता लाटता नुसतं ऐकणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून मालिकेत तीच गोष्ट तीनदा सांगितली जाते. त्या कामाची ती गरज आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण नवशिक्याच्या हाताला तेच वळण आधी लागलं तर सुटायला फार वेळ जातो. आणि भाषा. मिरज-जतकडच्या मुलानं त्याच्या घरच्या बोलीत संवाद लिहिले तर ते सरळ करू नका. तुमचा हात सवयीनं प्रमाण मराठीकडे जाईल. तेवढा सांभाळा.

दोन नियम पहिल्याच दिवशी सांगा. पहिला: कुणाच्याही पानांचा फोटो काढून बाहेर पाठवायचा नाही. नवीन लिहिणाऱ्याच्या मनात ‘माझी कल्पना चोरली तर’ ही धास्ती असतेच. त्यांना खरं काय ते सांगा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, लिहून काढलेल्या संहितेला आहे, आणि ते लिहिल्याक्षणी मिळतं. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन संहिता नोंदवता येते. नाटकवाल्यांना हेही सांगा की जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. पहिल्या एकांकिकेच्या वेळी बऱ्याच जणांची धावपळ इथेच होते. दुसरा नियम तुमच्यासाठी: मालिकेत काम मिळवून देण्याचं आश्वासन देऊ नका, सूचकही नको. तुमच्या ओळखी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्या आशेवर कुणी पैसे भरले तर तुम्ही त्याला लिहायला कितीही छान शिकवलंत तरी तो फसवला गेल्यासारखा घरी जाईल.

हे उत्तर वाचणाऱ्यांत सुलेखनाचा, बासरीचा, विणकामाचा वर्ग काढू बघणारेही असतील. गेल्या महिन्यात मडगावहून आणि इंदूरहून साधारण अशीच पत्रं आली होती. त्यांनाही एवढंच म्हणेन की ‘आवडेल का?’ असं विचारू नका. शिकणाऱ्याला करून आणता येईल अशी एक छोटी गोष्ट मागा. एक ओळ लिहून आणा, एक सूर वाजवून पाठवा, दहा टाके घालून दाखवा. जो करून आणतो त्याच्यापासून वर्ग सुरू होतो.

आणि आता ते चौघे. त्यांनी तुम्ही न मागता मोठी गोष्ट केली आहे, तीन हजार रुपये भरून ते थांबले आहेत, आणि मला भीती वाटते की ‘पुरेशी संख्या नाही’ म्हणून तुम्ही त्यांना पैसे परत पाठवायच्या विचारात असाल. पाठवायचेच असतील तर पाठवा, पण आधी फोन करा. मेसेज नको, फोन. कार्यशाळेचं स्वरूप बदलतंय हे मोकळेपणानं सांगा, पैसे परत हवे असतील तर लगेच द्या, सहा शनिवारांसाठी ठेवायचे असतील तर हिशेब करून उरलेले द्या. मग विचारा, सध्या काय लिहिताय. आणि ते सांगायला लागले की मध्ये बोलू नका. येत्या शनिवारी तुमच्या घरी चौघांनाही बोलवा, आपापली दोन पानं घेऊन. पाच माणसं पुरेत: दोघं वाचतील, तिघं ऐकतील. पेन्सिली मात्र पाचापेक्षा जास्त ठेवा.